नऊ दिवस राजस्थान: सहलीत चालणं आणि जेवणाच्या वेळा कशा सांभाळता?

नीलांबरी | २४ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहिते, कारण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

मी लालबागला चाळीत राहते, वय ५३, नोकरी फोर्टला. या जानेवारीत रक्तातल्या साखरेची एचबीए१सी तपासणी केली, ६.८ आलं. डॉक्टरांनी मधुमेहाची मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा सुरू केली आणि म्हणाले, गोळी तिचं काम करेल, तुमचं तुम्ही करायचं. मी ते मनावर घेतलं. सकाळी सहाला मैदानाच्या चार फेऱ्या. डब्यात ज्वारीच्या नाहीतर नाचणीच्या दोन भाकऱ्या, उसळ, काकडी. चारच्या चहाबरोबर बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे. रात्री आठला जेवण आणि जेवल्यावर पंधरा मिनिटं गॅलरीत येरझाऱ्या.

आमच्या मजल्यावर गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ५६ पावलं होतात. अकरा नंबरच्या दाराशी चपलांचा स्टँड आहे, तिथे अंग चोरून जायचं. पुढे वाळत घातलेल्या चादरींखालून वाकायचं. सुरुवातीला शेजारच्या काकू विचारायच्या, "कोणाची वाट बघतेस गं?" आता मी दहा मिनिटं उशिरा निघाले तरी दारात येऊन उभ्या राहतात. एप्रिलमध्ये ६.४ आलं. रिपोर्ट हातात घेऊन मी लॅबच्या पायऱ्यांवरूनच ह्यांना फोन लावला होता.

मग मे महिन्यात एका टूर कंपनीबरोबर आठ दिवस द्वारका-सोमनाथ केलं. दर्शन छान झालं, पण बाकी सगळी घडी विस्कटली. सकाळी फाफडा-जिलेबी, दुपारचं जेवण तीनला, रात्रीचं साडेदहाला, दिवसभर बस. हॉटेलवर पोचलं की अंथरुणावर पडायचं. परत आल्यावर उपाशीपोटी साखर १४८. त्याहून वाईट म्हणजे चालणं सुटलं ते सुटलंच. आज पाऊस, उद्या पाहुणे, असे दोन महिने गेले. ऑगस्टमध्ये ६.९. त्या दिवशी घरी येऊन रडले मी. पुन्हा सगळं सुरू करून आता कुठे ६.४ वर आले आहे.

आणि आता २० डिसेंबरला आम्ही १३ जण राजस्थानला निघतोय. वांद्रे टर्मिनसहून रेल्वेने जोधपूर, पुढे टेम्पो ट्रॅव्हलरने जैसलमेर, परत जोधपूर, रणकपूर, उदयपूर. मोठ्या वन्संनी भावोजींच्या पंच्याहत्तरीसाठी हा बेत आखलाय. माझी आई लवकर गेली. माझ्या बाळंतपणात वन्संनीच सव्वा महिना राहून डिंकाचे लाडू, अळिवाची खीर केली. अजूनही पंक्तीत माझ्या पानात काहीतरी गोड वाढल्याशिवाय त्या घास घेत नाहीत. त्यांना "नको" म्हणताना माझ्या पोटात कालवतं. पण पुन्हा ऑगस्टसारखा रिपोर्ट मला बघायचा नाही.

तुम्ही लोक सहलीत काय सांभाळता आणि काय सोडता?

मुलुंडचा भटक्या

ताई, सकाळचं चालणं आत्ताच विसरा. डिसेंबरात जैसलमेरला सात वाजून गेले तरी नीट उजाडत नाही आणि थंडी अशी की रजईतून हात बाहेर काढवत नाही. तुम्ही सहाचा गजर लावाल, दोन दिवस चुकेल, आणि तिसऱ्या दिवशी "आता काय उपयोग" म्हणून सगळंच सोडाल. माझं हे दोनदा झालंय.

तुमच्या गॅलरीतल्या येरझाऱ्या मात्र जशाच्या तशा उचलून न्या. त्याला मैदान लागत नाही, उजेड लागत नाही. बहुतेक हॉटेलांना लांब व्हरांडा असतो. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललं की चढणारी साखर स्नायू वापरतात, म्हणजे जड जेवण झालेल्या दिवशी तर ते जास्तच कामाचं.

दुसरं म्हणजे या वेळी गाडी तुमची स्वतःची आहे, हे विसरू नका. मे महिन्यात कंपनी ठरवत होती, आता तुम्ही ठरवणार. आदल्या रात्री ड्रायव्हरला सांगून ठेवायचं की उद्या एक-सव्वा वाजता जेवायला थांबायचं. आयत्या वेळी सांगितलं तर तो त्याच्या ओळखीच्या ढाब्यापर्यंत नेतोच. जोधपूर-जैसलमेर पाच तासांचा रस्ता आहे, तिथे दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करा. मेहरानगडावर आणि जैसलमेरच्या किल्ल्यात चढ-उतार भरपूर आहे, तिथे वेगळ्या व्यायामाची गरज नाही.

भाकरतुकडा

राजस्थानात खायचं काय, याची काळजी करू नका गं. तिकडे तर हिवाळ्यात बाजरीचा रोटला मिळतो, म्हणजे आपली भाकरीच. त्याबरोबर कढी, लसणाची चटणी, केर-सांगरीची भाजी, ताक. फक्त मागावं लागतं, नाहीतर पर्यटक दिसला की दाल-बाटीचं ताट पुढे येतं. बाटी खायची असेल तर तुपात बुडवण्याआधी एक कोरडी काढून मागा आणि वरून चमचाभर तूप घ्या. डाळ हवी तेवढी.

घात होतो तो सकाळच्या नाश्त्याला आणि चारच्या भुकेला. हॉटेलच्या नाश्त्यात पुरी-भाजी, ब्रेड-जॅम. मी मोड आणायला कोरडे मूग नेते. रात्री हॉटेलच्या ग्लासात वाटीभर मूग भिजवायचे, सकाळी पाणी निथळून ओल्या रुमालात घट्ट बांधून खिडकीजवळ ठेवायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी मोड. किटलीतलं उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं झाकायचे, वर मीठ-लिंबू. गाडीत फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे पायाशी नको, हाताशी ठेवा. पिशवी वरच्या रॅकवर गेली की समोर वेफर्स येतात ते खाल्ले जातात. बाहेरची कापलेली काकडी-टोमॅटो टाळा, आपली सुरी न्या आणि आपणच सोला.

सिस्टर (निवृत्त)

पालिकेच्या रुग्णालयात मी २६ वर्षं नोकरी केली, म्हणून अधिकाराने लिहिते.

मेटफॉर्मिन जेवणाबरोबरच घ्या. गोळ्या पर्समध्ये, मोठ्या बॅगेत नाही, आणि दिवस मोजून वर चार दिवसांच्या जादा. जुलाब-उलट्या झाल्या तर ही गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. जलसंजीवनीची पाकिटं ठेवा, एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात नाही.

आता महत्त्वाचं. १३ जणांत आणखी कोणाला मधुमेह आहे का ते विचारा. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा फार खाली जात नाही. पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली आणि जेवण तीन वाजेपर्यंत लांबलं, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस चिडचिडा होतो, वयस्कर माणूस नुसता गप्प बसतो आणि घरच्यांना वाटतं, दमले असतील. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना. कोणी इन्सुलिनवर असेल तर पेन उन्हात तापलेल्या गाडीत ठेवून किल्ला बघायला जाऊ नका.

गिरगावकर

माझं मत थोडं वेगळं आहे. नीलांबरीताई, तुमचेच आकडे बघा. एचबीए१सी साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं. ऑगस्टचे ६.९ हे द्वारकेच्या आठ दिवसांचे नव्हेत, घरी आल्यावर न चाललेल्या दोन महिन्यांचे आहेत. जिलेबीला उगाच दोष देताय.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर सहलीत फार बंधनं घातली नसती. वन्संनी प्रेमाने वाढलेला चुरमा दोन घास खाल्ला असता. पण परतल्याच्या दुसऱ्या दिवशी, बॅगा उघडायच्या आधी, मैदानावर गेलो असतो. त्या सकाळसाठी आत्ताच कोणाला तरी शब्द देऊन ठेवा.

नीलांबरी | २६ नोव्हेंबर

सगळ्यांचे मनापासून आभार. गिरगावकर, तुमचा प्रतिसाद वाचून मी खरोखर कागद-पेन घेऊन महिने मोजले. बरोबर आहे तुमचं. गेले सहा महिने मी त्या आठ दिवसांना बोल लावत होते. शेजारच्या काकूंना सांगून ठेवलंय, परतल्यावर ३० डिसेंबरला सकाळी सहाला माझं दार वाजवायचं.

सिस्टर, तुम्हाला काय सांगू! वन्संना फोन करून भावोजींच्या गोळ्यांची नावं विचारली. त्यांनी पाकीट शोधून अक्षर अक्षर लावत वाचलं: ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. गणपतीत आरत्या लांबल्या तेव्हा भावोजी घामाघूम होऊन भिंतीला टेकून बसले होते. आम्ही सगळ्यांनी पंखा लावला आणि गर्दीचा त्रास झाला म्हणून सोडून दिलं. आज तो प्रसंग आठवून अंगावर काटा आला. वन्सं आधी काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "एक वाजता जेवण म्हणजे एक वाजता. मी बघते कोण उशीर करतं ते." डॉक्टरांना विचारून यायलाही तयार झाल्या.

माझ्याबद्दलही मग धीर करून बोलले. म्हटलं, वन्सं, तुमच्या हातचं मी खाणार, पण रोज एकदाच, आणि ते दुपारी. रात्री वाढू नका. त्या म्हणाल्या, "आधी का नाही बोललीस?"

नीलांबरी | ३ जानेवारी

सांगते कसं झालं ते.

जोधपूरला पहिल्या रात्री व्हरांड्यात ४१ पावलं भरली. तिसऱ्या फेरीला वन्सं शाल गुंडाळून बाहेर आल्या, दार हळूच ओढून घेतलं आणि माझ्याबरोबर चालू लागल्या. फार बोललो नाही आम्ही. नंतर रोजच येत गेल्या. जैसलमेरजवळ समच्या वाळूत तंबूत राहिलो, तिथे नाचगाणी संपून जेवण दहाला होतं. वन्संनी स्वयंपाक्याला गाठून भावोजींचं आणि माझं ताट सव्वाआठलाच मागून घेतलं. चुलीजवळ पाट टाकून बसलो. तव्यावरून थेट ताटात पडणारा बाजरीचा रोटला आणि कढी. भावोजी दोन वेळा म्हणाले, "पंच्याहत्तरी इथेच झाली माझी."

सगळंच जमलं असं नाही. उदयपूरला दोन रात्री चालणं झालं नाही, एकदा उशीर झाला आणि एकदा मी दमले होते. रणकपूरच्या वाटेवर गाडी बिघडली आणि जेवायला अडीच वाजले. तेव्हा हाताशी ठेवलेले फुटाणे आणि केळी भावोजींच्या कामी आली. वजन एक किलोने वाढलंय. परतल्यावर उपाशीपोटी साखर ११८.

३० ला पहाटे काकूंनी दार वाजवलं. बॅगा तशाच होत्या. चार फेऱ्या होतील असं वाटत नव्हतं, तीन झाल्या.

भाकरतुकडाताई, मुगाचं एक विचारायचं राहिलं. जोधपूरला तुम्ही सांगितल्याप्रमाणे रुमालात बांधले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी नुसते फुगलेले होते, मोड आले ते त्या रात्री, जैसलमेरला पोचल्यावर. थंडीमुळेच ना? पुढच्या वेळी रुमाल स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवू का?