सगळे पैसे परत मिळत नाहीत हो

स्टुडिओ बनवलेले सिनेमे प्रदर्शित न करताच रद्द का करतात, या चर्चेत 'सिनेमा डब्यात टाकला की सरकार सगळा खर्च भरून देतं' असं कुणीतरी म्हटलंय. तसं नसतं. तोटा दाखवला की करपात्र नफा तेवढा कमी होतो, बस. वॉर्नर या हॉलिवूड स्टुडिओने असाच रद्द केलेल्या 'बॅटगर्ल' सिनेमावर सुमारे 9 कोटी डॉलर खर्च झाल्याच्या बातम्या होत्या. अमेरिकेत कंपन्यांवरचा केंद्रीय कर 21 टक्के, म्हणजे वाचणार साधारण 1.9 कोटी. बाकीचे गेलेच की! पण प्रदर्शित करायचा तर जाहिरातीवर आणखी पैसा ओतायचा. शिवाय वॉर्नर आणि डिस्कव्हरीचं विलीनीकरण एप्रिल 2022 मध्ये नुकतंच झालेलं. जुन्या साहेबांनी सुरू केलेली कामं तोट्यात टाकायला सोयीची वेळ.

मला मात्र 'बॅटगर्ल'च्या दिग्दर्शकांचा किस्सा विसरवत नाही. आदिल एल अर्बी आणि बिलाल फल्ला ही जोडी आदिलच्या लग्नासाठी मोरोक्कोत होती. बातमी कळल्यावर निदान मोबाइलवर तरी सिनेमा टिपून ठेवू म्हणून सर्व्हर उघडला, तर सगळं गायब. त्याच फटक्यात 'स्कूबी-डू'चा एक ॲनिमेशनपटही गेला. तिथे स्टुडिओ आणि वादकांचे पैसे आधीच भरलेले, म्हणून रद्द झालेल्या सिनेमाचं पार्श्वसंगीत त्यांनी ध्वनिमुद्रित केलंच! लग्न मोडलं तरी बँडवाल्याला वाजवायला लावावं, तसं.

आणि 'रद्द केलेला सिनेमा विकत घेणार कोण?' असंही कुणी विचारलंय, त्याबद्दल: वॉर्नरचाच 'कायोटी व्हर्सेस ॲक्मी' हा सिनेमा 2023 मध्ये असाच गुंडाळला होता. आरडाओरडा झाला, आणि 2025 मध्ये केचप एंटरटेन्मेंट या वितरण कंपनीने तो विकत घेतलाच.