मदत हवी आहे : कबड्डीपटू भावाचे निलंबन, उच्च न्यायालयात जावे का?

खाडीकाठ (गुहागर) : माझा धाकटा भाऊ व्यावसायिक कबड्डी खेळतो. त्याला निलंबनाचे एक पानी पत्र आले असून हंगाम तोंडावर आला आहे. थेट रिट याचिका दाखल केल्यास स्थगिती मिळेल का, आणि रत्नागिरी जिल्ह्यातील माणसाने आता मुंबईला जावे की कोल्हापूरला, एवढेच जाणकारांनी कृपया लवकर सांगावे.

देवगडकर : निलंबन कोणी केले? संघाने, लीगने, राज्य संघटनेने की ‘नाडा’ने (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था)? कारण काय दिले आहे? हे कळल्याशिवाय कोणीही काहीही सांगू शकणार नाही.

जुना चढाईपटू : बहुधा उत्तेजक द्रव्याचे प्रकरण असावे. तसे असेल तर ‘ब’ नमुन्याची (राखून ठेवलेल्या दुसऱ्या नमुन्याची) तपासणी मागावी आणि शिस्तपालन समितीसमोर बाजू मांडावी. पण तेथे जिंकलात म्हणून निश्चिंत राहू नका. कुस्तीपटू नरसिंग यादवला २०१६ मध्ये ‘नाडा’ने निर्दोष ठरवले होते, तरी ‘वाडा’ने (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) आंतरराष्ट्रीय क्रीडा लवाद न्यायालयात अपील केले आणि रिओ ऑलिंपिकमधील त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी चार वर्षांची बंदी आली.

खाडीकाठ : उत्तेजकाचा काहीही संबंध नाही. शिमग्याला पालखी घरी येणार म्हणून प्रशिक्षकांची तोंडी परवानगी घेऊन तो शिबिरातून गावी आला होता. त्यालाच शिस्तभंग ठरवून संघाच्या कंपनीने पत्र दिले आहे.

मालवणचो झील : रिटच करा. क्रिकेटपटू श्रीसंतला फिक्सिंगच्या प्रकरणात शेवटी न्यायालयानेच तारले ना? नाहीतर सरळ पालकमंत्र्यांना भेटा, एका फोनचे काम आहे.

वाशिष्ठी : मालवणकर, ते उदाहरण पूर्ण सांगावे. श्रीसंतवरील बंदी २०१३ ची. केरळ उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने २०१७ मध्ये ती उठवली, त्याच वर्षी खंडपीठाने पुन्हा लागू केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दोष कायम ठेवून फक्त शिक्षेचा फेरविचार करायला सांगितले. त्यानंतर ती सात वर्षांची झाली. तोवर गोलंदाजाचे उमेदीचे दिवस निघून गेले होते. शिवाय क्रिकेट मंडळ सार्वजनिक स्वरूपाचे काम करते म्हणून त्याच्याविरुद्ध राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली, म्हणजे रिट याचिकेने, उच्च न्यायालयात जाता येते. खासगी कंपनीने करारानुसार केलेल्या कारवाईला तो मार्ग सहसा लागू पडत नाही. खाडीकाठ, करारात लवादाचे, म्हणजे वाद न्यायालयाऐवजी नेमलेल्या पंचाकडून सोडवण्याचे, कलम आहे का?

खाडीकाठ : आहे, शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात. लवादाचे स्थान मुंबई, आणि एकमेव लवाद कंपनी नेमणार. पंच त्यांचाच असेल तर आम्ही तेथे कशाला जायचे?

देवगडकर : हे पहिल्याच प्रश्नात लिहिले असते तर पालकमंत्र्यांचा फोन वाचला असता.

वाशिष्ठी : एका पक्षाने एकतर्फी एकमेव लवाद नेमणे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अमान्य केले आहे आणि २०२४ मध्ये घटनापीठानेही तीच दिशा कायम ठेवली, त्यामुळे ती भीती सोडावी. आधी लवाद कायद्याच्या कलम २१ प्रमाणे नोटीस पाठवून तटस्थ लवाद सुचवावा. कंपनीने नकार दिल्यास कलम ११ खाली उच्च न्यायालय नेमणूक करते. हंगामापुरता तातडीचा आदेश हवा असल्यास कलम ९ चा अर्ज करावा, मात्र आदेश मिळाल्यापासून नव्वद दिवसांत लवादाची कार्यवाही सुरू व्हावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी आहे हे खरे, परंतु लवादाचे स्थान मुंबई ठरलेले असल्याने तुम्हाला मुंबईलाच जावे लागेल.

जुना चढाईपटू : म्हणजे न्यायालय त्याला मॅटवर उतरवायला लावेल?

वाशिष्ठी : त्याची आशा धरू नये. ज्या करारात व्यक्तीचे कौशल्य हाच गाभा असतो, त्याची सक्तीने अंमलबजावणी करायला न्यायालये तयार होत नाहीत. थकलेले मानधन आणि दुसऱ्या संघाकडून खेळण्याची मोकळीक या मागण्या अधिक पदरात पडण्यासारख्या आहेत. दुसरे असे की, लवादाचा निवाडा विरुद्ध गेला तर कलम ३४ खाली त्याला आव्हान दिले तरी न्यायालय पुरावा नव्याने तपासत नाही, म्हणून प्रशिक्षकांच्या परवानगीचे व्हॉट्सअॅप संदेश, गावी येण्याचे तिकीट, सगळे आताच जपून ठेवावे. आणि निलंबनाआधी कारणे दाखवा नोटीस आली होती का, हे तुम्ही अजून सांगितलेले नाही.