मदत हवी आहे: बेसबॉल सिम्युलेशनची गाथा वाचनीय कशी करावी?

'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' या संघ चालवण्याच्या कॉम्प्युटर गेमवर मॉन्ट्रियल एक्स्पोज या जुन्या बेसबॉल संघाची मालिका मराठीत लिहितोय. १९९४ मध्ये १२ ऑगस्टपासून खेळाडूंचा संप सुरू झाला, तेव्हा हा संघ ७४ विजय आणि ४० पराभवांसह अख्ख्या मेजर लीगमध्ये (अमेरिका-कॅनडातली अव्वल बेसबॉल स्पर्धा) पुढे होता. त्या वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेता ठरवणारी अंतिम मालिका, झालीच नाही, नंतर संघही विस्कटला. माझ्या गाथेत संप होत नाही.

अडचण हंगामाच्या १६२ सामन्यांची आहे. आधी प्रत्येक सामन्याचा गोषवारा दिला, तर वाचणारे गळाले. मग महिन्याचा आढावा लिहिला, त्यात नुसते आकडे उरले. मनापासून आवडला तो एकच भाग: सलग नऊ पराभवांनंतर नवख्या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) सामन्याची सुरुवात करायला दिली तो. तोही सामना आम्ही हरलोच होतो.

गेमने दिलेला निकाल मी बदलत नाही. खऱ्या खेळाडूंच्या तोंडी मनचे संवाद घालणं मला पटत नाही, म्हणून निवेदक काल्पनिक स्काउट (नवे खेळाडू हेरणारा) आहे. बहुतेक वाचक क्रिकेटवाले.

अशा गाथा आवडीने वाचणाऱ्यांनी सांगा: कोणता सामना सविस्तर लिहायचा आणि कोणता एका ओळीत उरकायचा, हे कशावरून ठरवू?