आईबाबांना घेऊन इंक्स लेकला आरव्हीने, पहिल्यांदाच. सल्ला हवा

राउंडरॉककर:
सांगलीहून आईबाबा सप्टेंबरात येताहेत. ऑक्टोबरच्या शेवटी दोन रात्री टेक्सासातल्या इंक्स लेक स्टेट पार्कला आरव्ही (आत पलंग, शेगडी, बाथरूम असलेली गाडी) भाड्याने घेऊन जावं म्हणतोय. आम्ही दोघं, दोन मुलं (९ आणि ५) आणि आईबाबा. तंबूत पुष्कळदा राहिलोय, पण बाबांना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. अंधारात त्यांना बाथरूमपर्यंत चालवत न्यायला मन धजत नाही. आरव्ही आयुष्यात चालवलेली नाही. केवढी घेऊ? आई आत्तापासूनच विचारतेय, तिथे कुकर लावता येतो का?

चकलीचा_सोऱ्या:
आधी बुकिंग बघा. टेक्सास स्टेट पार्कांचं पाच महिने आधी उघडतं आणि पाण्याकाठच्या साइट्सचे (मुक्कामाच्या जागांचे) शनिवार-रविवार बघता बघता जातात. मधले वार जमले तर निवांत. एका साइटवर आठ जण चालतात, त्यामुळे तुमचं एकाच साइटवर भागेल.

निवांत७८७:
एवढा खटाटोप कशाला? तिथे एसीवाल्या केबिन आहेत की.

चकलीचा_सोऱ्या:
केबिनमध्ये बाथरूम नाही हो. प्रश्न पुन्हा वाचा :)

हायवे२९:
आम्ही तिथे तीनदा गेलोय, दोनदा सासूसासऱ्यांना घेऊन. जरा लांबण लावतो.

'सहा जण झोपतात' या जाहिरातीवर जाऊ नका, सीटबेल्ट किती ते विचारा. चालत्या गाडीत आजी-आजोबांनी पलंगावर आडवं व्हायचं नसतं. आम्ही सासूसासऱ्यांना मागून साध्या गाडीतून आणलं. त्यांना ते सुखाचं झालं, आणि दूध संपल्यावर अख्खं घर घेऊन जवळच्या बर्नेट गावात जावं लागलं नाही. दुसऱ्या गाडीची सोय बुकिंग करतानाच विचारून घ्या. २५ फुटी क्लास सी (ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली मध्यम आरव्ही) तुम्हाला पुरे. वेगळं लायसन्स लागत नाही. वळताना मात्र मागचं बूड बाहेर फेकलं जातं. गाडीची उंची कागदावर लिहून स्टीअरिंगजवळ चिकटवा, पेट्रोलपंपाचं छप्पर दिसलं की आठवण राहते.

वीज: ३० अँपची साइट म्हणजे १२० व्होल्टवर ३६०० वॉट, बस्स. एसी चालू, त्यात मायक्रोवेव्ह आणि वर कुणी चहाची इलेक्ट्रिक किटली लावली की ब्रेकर पडलाच. आईंना सांगा, कुकर गॅसवर. आतली शेगडी प्रोपेनची असते, तीन लिटरचा कुकर आरामात बसतो. फोडणी मात्र बाहेर, पिकनिक टेबलावर वेगळी शेगडी मांडून. आमच्या पहिल्याच सकाळी पोह्यांच्या फोडणीने आतला स्मोक अलार्म बोंबलला आणि शेजारच्या साइटवरचे आजोबा विचारपूस करायला आले. त्यांनाही बशीभर पोहे दिले.

आता मुख्य विषय, टाक्या. शुद्ध पाण्याची एक, सिंक आणि आंघोळीच्या पाण्याची करडी, संडासाची काळी. साइटवर पाणी आणि वीज मिळते, सांडपाणी मात्र निघताना डंप स्टेशनवर नेऊन सोडायचं. करडी टाकी भरली की पाणी शॉवरच्या तळातून वर येतं. माझ्या मेव्हण्याने घोटाभर राखाडी पाण्यात उभं राहून आंघोळ उरकली, अजून ऐकवतो. म्हणून आंघोळी पार्कच्या बाथरूममध्ये करा, आतलं बाथरूम बाबांसाठी आणि रात्रीसाठी ठेवा. ताटं पुसून मगच धुवा, डाळभात टाकीत गेला तर वास भाड्याच्या गाडीला आणि बिल तुम्हाला. काळ्या टाकीत पाणी सढळ हाताने सोडा, झडप बंदच ठेवा. ड्रेनेज जोडलेल्या साइटवर ती उघडी ठेवली तर पातळ वाहून जातं आणि बाकीचं आत थापून बसतं. रिकामी करताना आधी काळी, मग करडी, म्हणजे करड्या पाण्याने पाइप धुतला जातो. हातमोजे न्या.

तळ्यातमळ्यात:
वरच्या प्रतिसादाची प्रिंट काढून ठेवलीय :)
मुलांसाठी: पार्कच्या काठावरून मासे धरायला लायसन्स लागत नाही. कयाक भाड्याने मिळतात. तळं इंक्स धरणामुळे झालेलं (१९३८), पातळी सहसा हलत नाही, त्यामुळे बाकीची तळी आटली तरी इथे काठ चिखलाचा होत नाही. डेव्हिल्स वॉटरहोलला (पार्कातच, तळ्याचा खडकाळ कोपरा) गुलाबी खडकावरून पोरं उड्या मारतात, तिथे जाच.

हायवे२९:
पाच वर्षांच्या मुलाला घेऊन खडकावर? तिथे लाइफगार्ड नसतो. आणि आईबाबांना तर चालायचीही गरज नाही, पार्क रोड ४ वरून बघायला जागा केलेली आहे, गाडी लावून दिसतं.

तळ्यातमळ्यात:
उडी मारा नाही म्हटलं, जा म्हटलं. पण लाइफगार्डचं बरोबर.

निवांत७८७:
जवळच लाँगहॉर्न कॅव्हर्न आहे, गुहेत बारमाही ६८ फॅरनहाइट. पायऱ्या आहेत, बाबांच्या गुडघ्यांचं बघा. आणि संध्याकाळी टेबलावर बिअर मांडून बसू नका, टेक्सासच्या स्टेट पार्कांत उघड्यावर प्यायला बंदी आहे.

राउंडरॉककर:
मंडळी, आभार. मंगळ-बुध रात्री मिळाल्या, पाण्याकाठची नाही पण एक रांग मागे. आईबाबा बायकोबरोबर गाडीतून, मी आणि मुलं आरव्हीत. आईला तीन लिटरचं सांगितलं. ती म्हणाली, सहा माणसांना तीन लिटर कसा पुरेल, पाचचा आणते.

हायवे२९:
पाचचाही बसेल, पण मग शेजारच्या शेगडीवर चहा ठेवता येणार नाही. ठरवा तुमचं तुम्ही.