सर्कशीचं शिळाछाप पोस्टर: कला, थाप की क्रौर्य?

डिचोलीकर: पणजीत एका जुन्या वस्तूंच्या दुकानात रिंगलिंग ब्रदर्स या अमेरिकन सर्कशीचं पोस्टर पाहिलं. लाल जमिनीवर झेपावणारा वाघ. मालक म्हणतो अस्सल शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेलं, किंमत 18,000. मला हवंय. बायको म्हणते, जनावरांचे हाल दिवाणखान्यात कशाला टांगायचे?

म्हापशाची मावशी: वहिनींचंच बरोबर. 1998 साली केंद्राने खेळात वाघ, सिंह, अस्वलं, माकडं वापरायला बंदी घातली, 2001 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली. लहानपणी सर्कशीच्या पिंजऱ्यांमागून गेले होते, तो वास अजून नाकात आहे. पोस्टरात वास येत नाही, म्हणून ते देखणं.

खिळेजुळारी: मावशी, शिक्षा चित्रकाराला का? अमेरिकेत सिनसिनाटीच्या स्ट्रोब्रिज या छपाई कंपनीचं नाव पोस्टरच्या तळाशी असायचं, चित्र काढणाऱ्याचं बहुधा नसायचंच. चुनखडीच्या घासलेल्या दगडावर तेलकट खडूने उलटं चित्र काढायचं. दगड ओला केला की शाई फक्त तेलकट रेघेला धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि एक जरी सरकला तर वाघाला दोन नाकं!

फोंड्याचा भाचा: हातकाम मान्य, पण मजकूर निव्वळ थाप. कागदावर हत्तींचा कळप, तंबूत दोन म्हातारे.

खिळेजुळारी: अहो, जाहिरात ती! सर्कशीआधी माणसं गावात यायची, खळ लावून भिंती भरायची, तारखेची पट्टी वेगळी चिकटवायची. खेळ संपला की पोस्टर पावसाच्या हवाली. आज जी मिळतात त्यांतली बरीचशी भिंतीवर चढलीच नव्हती. डिचोलीकर, भिंग घेऊन जा. खडूचा रवाळ, ओबडधोबड कण दिसला तर बोलू. एकसारख्या ठिपक्यांची फुलं दिसली तर आधुनिक ऑफसेट छपाईची नक्कल.

फोंड्याचा भाचा: आणि अमेरिकेचंच कौतुक का? विष्णुपंत छत्र्यांनी 1880 साली ग्रेट इंडियन सर्कस काढली. तिचं पोस्टर कोणी मढवून लावलेलं पाहिलंय?

म्हापशाची मावशी: छत्र्यांकडेही जनावरं होतीच ना. माझा मुद्दा तिथेच आहे.

डिचोलीकर: जाऊन आलो. वाघाच्या मिशीत ठिपक्यांची फुलं. मालक लगेच 7,000वर आला.

खिळेजुळारी: नकलेला 700सुद्धा जास्त. त्यात आपला पावसाळा, श्रावणापर्यंत काचेआड बुरशी.

डिचोलीकर: घेतलं नाही. बायकोला मात्र अजून ठिपक्यांचं सांगितलेलं नाही. तिचं ऐकलं असंच समजू दे.