सीएमव्हीची लस: माणसाचा विषाणू प्राण्यांना होत नाही, मग प्रयोग कशावर करतात?

चोपड्याची_आई:
माझी मुलगी चार वर्षांची आहे. पोळ्याला दारात बैल आले, घुंगरं वाजत होती, सगळी पोरं धावली. ही अंगणात पाठमोरी मातीत खेळत राहिली. सासूबाई घाबरून म्हणाल्या, “पोरले काय व्हयनं?” तेव्हा ती दीड वर्षाची होती. बेरा तपासणीत (आवाजाला मेंदूचा प्रतिसाद मोजतात ती) दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं असं निघालं. डॉक्टर म्हणाले, गरोदरपणात सीएमव्ही, म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस नावाचा विषाणू, तुम्हाला लागून बाळापर्यंत गेला असेल, पण आता खात्रीनं सांगता येणार नाही. तेव्हापासून मी मिळेल ते वाचते. लसीचे प्रयोग उंदरांवर, गिनीपिगवर होतात, आणि माणसाचा सीएमव्ही त्यांना लागतच नाही, असंही वाचलं. मग त्या प्रयोगांतून कळतं तरी काय?

यावलकर:
ताई, मी बारा वर्षं एका प्राणिगृहात नोकरी केली. सीएमव्हीवर आमच्याकडे काम नव्हतं, पण गिनीपिग हातानं वाढवलेत.

तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. प्रत्येक प्राण्याचा सीएमव्ही वेगळा. उंदराचा उंदराला, गिनीपिगचा गिनीपिगला, माकडाचा माकडाला. म्हणून माणसासाठी बनवलेली लस त्यांना टोचून, मग माणसाचा विषाणू देऊन बघता येत नाही. त्या प्राण्याच्या विषाणूचं तसंच प्रथिन घेऊन तशीच लस बनवतात आणि त्याच्याच विषाणूवर तपासतात.

उंदीर स्वस्त, पण त्याचा सीएमव्ही वारेतून पिल्लापर्यंत जात नाही. गिनीपिगमध्ये जातो, म्हणून तुमच्या लेकीच्या प्रश्नाला तोच प्राणी जवळचा. मादी साधारण 65 ते 70 दिवस गाभण असते, आणि पिल्लं जन्मतात तीच अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन. सकाळी पिंजऱ्यात लसूणघासाची जुडी टाकायला गेलो की रात्रीत झालेलं पिल्लू आईच्या आधी घासाकडे पळायचं. ते वाटीत बसवून वजन करायचं, थरथरणारं अंग हाताला लागायचं. लसीच्या प्रयोगात हेच मोजतात: किती पिल्लं जगली, वजन किती, किती पिल्लांच्या अवयवांत विषाणू सापडला. विषाणूच्या पृष्ठभागावर जीबी नावाचं प्रथिन असतं. त्याची लस गाभण राहण्याआधी दिली, तर पिल्लं कमी दगावतात, हे दिसलेलं आहे.

बायकांमध्ये जीबी लसीची चाचणी 2009 साली छापून आली, संसर्गापासून जेमतेम 50 टक्के संरक्षण. नंतर मॉडर्ना कंपनीची एमआरएनए लस आली, तिच्यात जीबीबरोबर पाच प्रथिनांचा आणखी एक गट होता. ऑक्टोबर 2025 मध्ये निकाल आला: संरक्षण फक्त 6 ते 23 टक्के. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. गिनीपिगनं फसवलं असं मात्र मी म्हणणार नाही. तो वाट दाखवतो, हमी देत नाही.

चोपड्याची_आई:
माझ्या धाकट्या बहिणीला आता दिवस राहिलेत. तिच्या रक्तात जुना सीएमव्ही आहे, म्हणून डॉक्टर म्हणाले काळजी नको. खरंच नको का?

यावलकर:
पहिल्यांदाच संसर्ग झाला तर बाळाला धोका जास्त असतो, म्हणून डॉक्टर तसं म्हणाले असतील. पण धोका शून्य नाही. जुना विषाणू पुन्हा उठतो किंवा दुसरा प्रकार येऊन लागतो. आपल्याकडे बहुतेक बायकांच्या अंगात हा विषाणू आधीच असतो, त्यामुळे बाळांना होणारा बराचसा संसर्ग अशाच आयांकडून येतो. आणि लसीचे बहुतेक प्रयोग मात्र विषाणू कधीच न लागलेल्या माद्यांवर. मॉडर्नाच्या चाचणीचा मुख्य निकालही विषाणू नसलेल्या बायकांचाच होता. रीसस माकडांच्या कळपांत उलटं, जवळजवळ सगळ्यांना तो असतोच. संशोधकांना न लागलेली माकडं मुद्दाम वेगळी वाढवावी लागतात. आपल्या बायकांची स्थिती ज्या माद्यांत दिसेल, त्यांच्यावर काम वाढायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

धुळ्याची_सिस्टर:
ताई, बहिणीला दोन गोष्टी सांगा. घरात लहान लेकरू असेल तर त्याच्या ताटातली उष्टी वरण-बट्टी खायची नाही, लाळ पुसल्यावर, लंगोट बदलल्यावर साबणानं हात धुवायचे. विषाणू लाळेत आणि लघवीत असतो. दुसरं, बाळ झालं की 21 दिवसांच्या आत लाळेची किंवा लघवीची पीसीआर तपासणी करून घ्या. नंतर केली तर संसर्ग पोटात झाला की बाहेर, हे ओळखता येत नाही. जन्मतः कान चांगले निघाले तरी पुढे तपासत राहा, काही मुलांची ऐकण्याची ताकद उशिरा कमी होते.

चोपड्याची_आई:
21 दिवस. माझ्या वेळी हे कोणीच बोललं नव्हतं. बहिणीची तारीख आखाजीच्या सुमाराची आहे, आत्ताच तिच्या फाईलवर लिहून ठेवते.