बंदी हवीच, पण जाळ्याचा आस (भोक) बघा

पावसाळी मासेमारी बंदी पंधरा दिवस वाढवली की मासळी घटण्याचा प्रश्न सुटला, असं काही जण म्हणतात. १ जून ते ३१ जुलैची बंदी हवीच, त्यावर वाद नाही. पण उरलेले दहा महिने पिल्लं उचलली जात असतील तर पंधरा दिवसांनी काय साधणार? महाराष्ट्राने २०२३ मध्ये माशांच्या ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला. पापलेट १३५ मिलिमीटर, सुरमई ३७०. नियम चांगला, पण तो तपासतात मासा धक्क्यावर आल्यावर, म्हणजे मेल्यावर. खरी मेख ट्रॉल जाळ्याच्या, म्हणजे बोटीमागे ओढत नेतात त्या जाळ्याच्या, शेवटच्या पिशवीत आहे. शंकरपाळ्याच्या आकाराचा आस ओढताना ताणून मिटतो, बारकी मासळी आतच राहते. ४० मिलिमीटरचा चौकोनी आस उघडा राहतो, पिल्लं निसटतात.

मागच्या ऑक्टोबरात नवी मुंबईतल्या दिवाळे कोळीवाड्याच्या बाजारात चार बोटांएवढ्या पापलेटांचा वाटा लावलेला होता. मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, "मी नाय घेतला तर दुसरी घेल, बोटीवरनंच असा येतो." खरंच आहे ते. त्यांची टोपली उचलून नेण्यापेक्षा बोट बंदरातून निघतानाच जाळं मोजा.